पुडीच्या दोऱ्यानं शिवलेली पानं

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे असं कुणी विचारलं, तर मी अक्कांचं नाव घेतो. आईला त्याचं वाईट वाटत नाही. ती म्हणते, "आम्ही तुला कॉलेजच्या दारापतूर पोचवलं. आत न्यायला कुणीतरी पायजेच की." अक्का हे त्यांचं खरं नाव नव्हे. शाहूपुरीत त्यांचं सुट्या चहाचं दुकान आहे आणि सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणते, म्हणून मीही म्हणतो. नातं म्हणाल तर गिऱ्हाइकाचं. गेल्या वर्षी त्यांचं दुकान बंद पडायची वेळ आली, आणि त्यात माझ्या तोंडून गेलेल्या एका शब्दाचा वाटा होता. ते सांगावं म्हणून लिहायला बसलोय. पण आधी दुकान सांगायला हवं.

दुकान लहान आहे. समोर पत्र्याचे उंच डबे, मध्ये लाकडी टेबल, पडद्याच्या मागं गॅसची एक शेगडी. डब्यांत आसामचा दाणेदार चहा, कडक उतरणारी बारीक भुकटी, निलगिरीचा चहा आणि एका लहान डब्यात दार्जिलिंगची लांब पानं. गिऱ्हाईक बहुतेक चहाचे गाडेवाले आणि हॉटेलवाले. प्रत्येकाचं मिश्रण वेगळं. कुणाला रंग हवा, कुणाला कडकपणा, कुणाला एका पातेल्यात जास्त कप. अक्का दोन-तीन चहा एकत्र करून ते जमवायच्या. त्याचं माप कुठं लिहिलेलं नव्हतं. चिमूटभर पत्ती तळहातावर घ्यायची, तिच्यावर तोंडाची ऊब सोडायची, अंगठ्यानं चोळायची आणि नाकाशी न्यायची. मग डोळे न उघडता म्हणायच्या, "ह्यात निलगिरी मूठभर वाढव." हे त्या स्वतःलाच म्हणायच्या आणि स्वतःच वाढवायच्या. दुकान त्यांच्या नाकावर चालत होतं असं म्हटलं तर चूक होणार नाही.

टेबलाच्या मागं एक फळी होती आणि तिच्यावर वर्तमानपत्राची कव्हरं घातलेली पन्नासेक पुस्तकं. काही मराठी, बरीचशी इंग्रजी, सगळी रद्दीवाल्याकडून निवडून आणलेली. सगळी एकाच जातीची. इंग्रजीत या पुस्तकांना कोझी मिस्टरी म्हणतात हे मला फार नंतर कळलं. अक्का त्यांना 'घरगुती खून' म्हणायच्या. खून होतो, पण रक्त दिसत नाही. गाव लहान, माणसं एकमेकांच्या ओळखीची. पोलीस जरा उशिरा येतो, आणि कुणी म्हातारी, नाहीतर बेकरी चालवणारी बाई, नाहीतर पोस्टातली कारकून त्याच्या आधी छडा लावते. अक्का मूळच्या निपाणीच्या, मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या. इंग्रजी त्यांनी या पुस्तकांवरच वाढवलं. शब्द अडला की समोर जे गिऱ्हाईक असेल त्याला विचारायच्या.

माझी आणि त्यांची ओळख अशीच झाली. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो. राजारामपुरीत तिघांत एक खोली घेऊन राहत होतो आणि पाव किलो चहा न्यायला शाहूपुरीत आलो होतो. अक्का पुस्तकातून मान वर करेनात. मी खाकरलो. त्या म्हणाल्या, "थांबा पावणं, एवढं पान संपू दे." पान संपल्यावर त्यांनी माझ्या खांद्यावरची पिशवी बघितली आणि विचारलं, "कॉलेजात हाय न्हवं? मग एवढा शब्द सांगा."

शब्द होता व्हिकर. मला आला नाही. तालुक्याच्या शाळेत मी इंग्रजी पाठ करून पास झालो होतो. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिला, त्यामुळं गावात मला सगळं येतं असा समज होता, आणि इथं चहाच्या दुकानात एका शब्दाला अडलो. चहा घेऊन खोलीवर गेलो, शब्दकोश उघडला आणि दुसऱ्या दिवशी काही घ्यायचं नसताना परत गेलो. म्हटलं, "अक्का, व्हिकर म्हणजे तिकडच्या देवळाचा पुजारी. सगळ्या गावाचं धर्मकार्य बघणारा."

"म्हणजे उपाध्या," अक्का म्हणाल्या. "मग त्येनंच केलं असणार. घरोघरी जाणारा तोच एकटा हाय." मग माझ्याकडं नीट बघून म्हणाल्या, "एका शब्दासाठी परत आलास व्हय? बस. चहा टाकतो."

कोल्हापूरच्या बऱ्याच बायकांसारख्या अक्काही स्वतःविषयी 'मी टाकतो, मी देतो' असंच बोलतात. पावण्याचा मी एका दिवसात अरे-तुरेवर आलो होतो.

त्या दिवशी त्यांनी मला पहिलं पुस्तक दिलं आणि त्याच्याबरोबर चहाची एक छोटी पुडी. प्रत्येक पुस्तकाला त्यांचा एक चहा ठरलेला असायचा. पाठ्यपुस्तकाबाहेरचं मी वाचलेलं ते पहिलं पुस्तक. आणि चहाचे प्रकार असतात हेही मला नवीनच. आमच्या घरचं दूध डेअरीला जायचं. मागं उरलेल्या दुधात रंग बदलेल एवढा चहा व्हायचा, त्यालाच आम्ही चहा म्हणायचो.

अक्कांचं म्हणणं असं, की पुस्तकाची चाल आणि चहाची चाल एक पाहिजे. ज्या पुस्तकात सगळं गाव जत्रेला जमतं आणि प्रत्येकजण बोलत असतो, त्याला आसामचा दाणेदार, दूध घालून, आणि साखरेऐवजी गूळ. गूळ मात्र चहा खाली उतरल्यावर, नाहीतर दूध फाटतं. एखादी म्हातारी खिडकीत विणत बसून नुसती बघत असेल, तर दार्जिलिंग, बिनदुधाचा, कारण असलं पुस्तक घाईनं वाचलं तर हाताला काही लागत नाही. डोंगरावरच्या बंगल्यात पाहुणे अडकले असले की निलगिरी. विनोदी असलं की गवती चहा. आणि संशयित सातच्या वर गेले की बारीक भुकटीचा कडक, "कारण तितं डोकं जागं पायजे." आलं कुठल्याच चहात नाही. अक्का जैन, जमिनीखालचं त्यांच्यात चालत नाही. लागलीच तर सुंठ.

चहा नसता तर मी ती इंग्रजी पुस्तकं अर्ध्यात टाकली असती, हे प्रामाणिकपणे सांगतो. एक कप एक प्रकरण, असा नेम त्यांनी घालून दिला होता. चहा गरम आहे तोवर शब्द अडला तरी उठायचं नाही, पुढं जायचं. कप संपल्यावर शब्दकोश. असं करत करत मी इंग्रजी वाक्याला घाबरेनासा झालो.

पण खरी गंमत शेवटच्या प्रकरणाची होती. अक्कांच्या प्रत्येक पुस्तकाचं शेवटचं प्रकरण शिवलेलं असायचं. पुडी बांधायचा पांढरा दोरा सुईत ओवून, पानांच्या कडेला तीन टाके. ते आपण तोडायचे नाहीत. तिथवर वाचायचं, मग एका चिठ्ठीवर आपला निकाल लिहायचा आणि चिठ्ठी घेऊन दुकानात यायचं. चिठ्ठीत तीन गोष्टी हव्यात: कुणी केलं, कशावरून, आणि आपण आधी कुठं फसलो. तिसरी गोष्ट नसली तर त्या चिठ्ठी परत द्यायच्या. म्हणायच्या, "न फसता कोण वाचतंय? ते लिवून आण." चिठ्ठी वाचून झाली की कात्रीनं दोरा कापायच्या, चहा टाकायच्या, आणि शेवटचं प्रकरण मी मोठ्यानं वाचायचो. हे सगळं दिवस मावळायच्या आत. सूर्य गेल्यावर अक्का पाण्याचा घोटही घेत नाहीत. त्यामुळं आमचे सगळे खुनी उजेडातच सापडले.

टाके का घालता, हे मी एकदा विचारलं. त्यांचे मालक हयात असताना पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचायचे आणि जेवताना सहज सांगून टाकायचे, की तो माळी आहे बरं का. अक्कांनी रागानं एके दिवशी पानं शिवून टाकली. मालकांना जाऊन बरीच वर्षं झाली. "आता सांगून टाकणारं कोण न्हाय," त्या म्हणाल्या, "पण हाताला सवय लागली."

त्या चिठ्ठ्यांनी मला नोकरी दिली. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मुलाखतीला गेलो, तेव्हा सगळ्यांना एकदमच बसवलं होतं. साहेबांनी टेबलावर एक कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतलेला लोखंडी भाग, ठेवलं. त्यात बारीक भोकं होती. हे कशामुळं, असं त्यांनी इंग्रजीत विचारलं. माझ्याआधी दहा-बाराजणांनी पुस्तकातली पाच-सहा कारणं धडाधडा म्हणून दाखवली होती. मी अक्कांची चिठ्ठी डोळ्यांसमोर आणली. म्हटलं, मला वाटतं साच्याच्या वाळूत ओल जास्त राहिली. भोकं वरच्या अंगाला आहेत आणि आतून गुळगुळीत आहेत, त्यावरून. आणि आधी मला वाटलं होतं की धातू थंड पडला असेल, तिथं मी फसलो. माझं इंग्रजी मोडकं होतं. साहेब हसले आणि म्हणाले, फसलो म्हणणारा आज पहिलाच आला. मी आजही तिथंच आहे, तपासणी विभागात. वाळू तपासायची, माल बघायचा, दोष असलेला बाजूला काढायचा.

नोकरी लागली, लग्न झालं, शिरोलीजवळ बिऱ्हाड केलं, तरी रविवारची सकाळ अक्कांची राहिली. फळीवरची पुस्तकं संपली की त्या नवी आणायच्या. मीही इकडंतिकडं दिसेल ते आणून द्यायचो. मी आणलेलं पुस्तक त्या आधी वाचायच्या, शिवायच्या, आणि मग त्याला चहा ठरवून मलाच द्यायच्या.

गेल्या श्रावणात अक्कांना ताप आला. पंधरा दिवस दुकान बंद होतं. बऱ्या होऊन आल्या तेव्हा वाळल्या होत्या, पण बोलणं तेच. पहिल्याच रविवारी त्यांनी एक पुस्तक दिलं, खिडकीतल्या म्हातारीचं, आणि दार्जिलिंगची पुडी. घरी बायकोनं चहा केला आणि कप हातात देताना म्हणाली, "ह्याला वेलचीचा वास का येतोय?" मी हुंगून बघितलं. वेलचीच होती. चहाचा व्यापारी चहाजवळ वेलची कधीच ठेवत नाही, कारण चहा कुठलाही वास ओढून घेतो. हे मला अक्कांनीच शिकवलं होतं. मी बायकोला म्हणालो, नवीन काहीतरी करून बघत असतील. चिठ्ठीत त्याविषयी एक अक्षर लिहिलं नाही.

पुढच्या खेपेला मी दुकानात बसलो होतो आणि अक्का वाचत होत्या. पडद्यामागून दूध करपल्याचा वास आला. मला वाटलं, उठतील. वास वाढला, रस्त्यावरचा एक माणूस आत डोकावला, तरी त्या पान उलटत होत्या. मी जाऊन शेगडी बंद केली. पातेलं काळं पडलं होतं. अक्का म्हणाल्या, "पुस्तकात गुतलो होतो." मी बरं म्हणालो. मला तेव्हाच कळलं होतं. जो माणूस आठवडाभर भोकं आणि भेगा शोधतो, त्याला एवढं कळणार नाही असं कसं होईल? त्यांचा वास गेला होता, तापाबरोबर. आणि त्या ते कुणाला सांगत नव्हत्या.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी त्यांनी नव्या पोत्यातला नमुना टेबलावर काढला. एसटी स्टँडाजवळ ज्यांचा गाडा आहे त्या मामांसाठी माल करायचा होता. मामा जुने गिऱ्हाईक, त्यांच्या वडिलांपासूनचे. अक्कांनी पत्ती तळहातावर घेतली, ऊब सोडली, अंगठ्यानं चोळली, नाकाशी नेली. सगळं पहिल्यासारखं. आणि मग त्यांनी हात माझ्यापुढं केला.

"कसा हाय?"

एवढ्या वर्षांत त्यांनी हे कुणालाही विचारलेलं मी ऐकलं नव्हतं. मी वास घेतला. पत्ती कधीतरी भिजून पुन्हा वाळली होती, हाताला कोरडीच लागत होती. भिजलेल्या गोणपाटाचा कुबट वास येत होता. मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणालो, "बेस आहे, अक्का."

असं का म्हणालो, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. ज्यांनी मला वास घ्यायला शिकवलं, त्यांना मी वास सांगायचा, हे मला उद्धटपणाचं वाटलं. आमच्याकडं उपकार करणाऱ्यापुढं वाईट बोलत नाहीत. ते वळण चांगलं आहे असंच मी समजत आलो होतो. अक्कांनी मान हलवली आणि त्या पोत्यातला चहा मामांच्या मिश्रणात घातला.

आठ दिवसांनी मी चिठ्ठी घेऊन गेलो, तर मामा दुकानात उभे होते आणि पायाशी चहाची पिशवी होती. मामांचा आवाज एरवी स्टँडवरून ऐकू येतो. त्या दिवशी ते हळू बोलत होते, हेच मला बरं वाटलं नाही.

"अक्का, रागाला येऊ नका, पण ह्या चहाला पोत्याचा वास येतोय."

"कसल्या पोत्याचा?"

"भिजलेल्या. काल एक गिऱ्हाईक म्हणालं, मामा, चहा उकळालाय का गोणपाट धुवालाय?"

अक्कांनी पिशवीचं तोंड सोडलं आणि चेहरा आत नेला.  मान वर करून त्यांनी मामांकडं नाही, माझ्याकडं बघितलं.

"तू तर बेस हाय म्हणालतास की."

खरं सांगायची ती वेळ होती. मी म्हणालो, "दिवसभर फौंड्रीत असतो, अक्का. धुरानं नाक मेलंय माझं."

मामा हसले. "मग ह्याला कशाला विचारलंसा? तुमच्या नाकापुढं ह्येचं काय चालतंय?"

 पिशवी बाजूला ठेवत अक्का म्हणाल्या, "बदलून देतो, मामा. दोन दिसात." माझी चिठ्ठी त्यांनी घेतली, पण वाचली नाही. त्या दिवशी दोरा कापला गेला नाही आणि चहाही झाला नाही.

पुढच्या रविवारी दुकानाला कुलूप होतं. शेजारचे पत्रावळीवाले म्हणाले, मामांचा चहा त्यांनी दुसऱ्या व्यापाऱ्याकडून आणून पोचवला आणि बहिणीकडं निपाणीला गेल्या. परत कधी येणार, काही सांगितलं नाही. "जागा बघायला परवा एकजण आलता," ते म्हणाले, आणि त्यांनी आतून एक पुस्तक आणून दिलं. अक्कांनी माझ्यासाठी ठेवलं होतं. पुडी नव्हती. मी मागचं पान चाचपलं. शेवटचं प्रकरण शिवलेलं नव्हतं. पानं मोकळी होती.

ते पुस्तक घरात तीन दिवस तसंच पडून होतं. बायकोनं विचारलं, ह्याच्याबरोबर कुठला चहा करू? मी म्हटलं, दिला नाही. मग मी तिला सगळं सांगितलं. ती रागावली नाही. तिनं एवढंच विचारलं, की त्यांना वास येत नाही हे मला कधी कळलं. मी म्हटलं, श्रावणातच.

"कंपनीत लोकांनी घाम गाळून ओतलेला माल तुम्ही रोज बाजूला काढता," ती म्हणाली. "तितं कुणाची भीड धरता व्हय?"

 मी चिठ्ठी लिहायला बसलो. एवढ्या वर्षांत मी शंभरेक चिठ्ठ्या तरी लिहिल्या असतील. ही मात्र एका चिठ्ठीत मावेना, म्हणून वहीतला कागद घेतला. पत्र पुस्तकाबरोबर निपाणीला पाठवलं. महिन्याभरानं दुकान उघडलं. ते पत्रामुळं उघडलं, की अक्कांना घरात बसवेना म्हणून, हे मी त्यांना विचारलेलं नाही. पाठवण्याआधी नक्कल काढून ठेवली होती, ती इथं देतो.

ती. अक्कांस,

साष्टांग नमस्कार.

शेजाऱ्यांनी पुस्तक दिलं. वाचलं, पण शेवटचं प्रकरण वाचलेलं नाही. पानं मोकळी होती म्हणून बायकोनं ती शिवली. तिच्याजवळ पुडीचा दोरा नव्हता, गोधडीचा होता, त्यामुळं टाके जाड आले आहेत. पुस्तक सोबत आहे. आपण वाचू तेव्हाच वाचू.

या पुस्तकाचा निकाल नंतर देतो. आज दुसऱ्या एका गोष्टीचा देतोय. तुमच्या नियमानं तिन्ही गोष्टी लिहितो.

कुणी केलं? मामांच्या चहाचं जे झालं ते मी केलं. तुम्ही नाही. तुम्ही मला विचारलंत आणि मी खोटं बोललो. माझं नाक मेलेलं नाही. फौंड्रीत मी वाळूची ओल हाताआधी नाकानं ओळखतो. त्या पत्तीला कुबट वास होता, तो मला पहिल्याच दमात आला होता.

कशावरून? दार्जिलिंगला वेलचीचा वास होता. दूध करपलं तेव्हा रस्त्यावरच्या माणसाला कळलं आणि तुम्हाला कळलं नाही. आणि तुम्ही हात माझ्यापुढं केलात. तुम्हाला वास येत नाही, हे मला श्रावणापासून ठाऊक आहे. ठाऊक असून मी गप्प बसलो. मला वाटलं, मी तुमचा मान राखतोय.

मी कुठं फसलो? इथंच. तुम्ही हात पुढं केलात तेव्हा तुम्हाला मान नको होता, वास हवा होता. तेवढी एक गोष्ट तुम्ही माझ्याकडं मागितलीत आणि मी ती दिली नाही. आणि दुसऱ्यांदा, मामांसमोर, फौंड्रीच्या धुराचं नाव घेतलं. तुम्ही तेही ऐकून घेतलंत. खरं काय ते तुम्हाला तेव्हाच कळलं असणार, कारण सबब ओळखायला मी तुमच्याकडूनच शिकलो.

आता पुढचं. वास परत येईल की नाही, हे डॉक्टरांना दाखवल्याशिवाय कळायचं नाही. राजारामपुरीत कान-नाक-घशाचे डॉक्टर आहेत; मी सुट्टी काढून बरोबर येतो. येईल तेव्हा येईल. पण तोवर दुकान बंद ठेवायचं कारण मला दिसत नाही. तुमच्या हाताला पत्ती कळते, ओली की कोरडी, कोवळी की जून. कपातला रंग कळतो. कडूपणा, तुरटपणा जिभेला कळतो. एकच गोष्ट गेली आहे. ती दर रविवारी सकाळी मी घेऊन येईन. तुम्ही चोळा, मी वास घेतो. वाईट असेल तर वाईट म्हणेन, कुणीही समोर असो. तुमचा विश्वास बसत नसेल तर परीक्षा घ्या. दोन नमुन्यांत एक खराब ठेवा आणि मला न सांगता पुढं करा. पहिल्यांदा बरेच दिवस अशीच परीक्षा घ्या.

मामा मला परवा स्टँडवर भेटले. तुमच्याविषयी विचारत होते. मी त्यांना तुमच्या वासाचं काही बोललो नाही. ते सांगायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवायचं. खराब चहाला बेस म्हणणारा मी होतो, एवढं मात्र सांगितलं. ते म्हणाले, "अक्कांनी तुझं ऐकलं हीच त्यांची चूक," आणि मला चहा पाजला. दुसऱ्या व्यापाऱ्याचा होता. रंग बरा आहे, पण घोट गिळल्यावर मागं काही राहत नाही.

पुस्तकाच्या पिशवीत एक पुडी आहे. तीही बायकोनं बांधली आहे. श्रावणाच्या आधी तुम्ही आमच्या घरासाठी करून दिलेल्या चहातला तळाशी राहिलेला हा चहा, मामांच्याच मिश्रणाचा, तुमचं नाक चांगलं असतानाचा. तो प्यायचा नाही. फौंड्रीत आम्ही चांगल्या मालाचा एक नमुना कपाटात जपून ठेवतो आणि नवीन माल त्याच्याशी ताडून बघतो. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, वेलचीपासून लांब. अर्धा पाठवलाय. अर्धा माझ्याकडं ठेवला आहे, ताडून बघायला लागेल.

आपला,
रविवारचं गिऱ्हाईक